राजनंदिनीचं कोपर

जून महिन्यातल्या एका रविवारी कर्वेनगरातल्या मैदानालगतच्या खोलीत पालकांची सभा भरली, तेव्हा रंगनाथ बहिरट नवी वही घेऊन थेट पहिल्या रांगेत जाऊन बसला. पुण्यात असं कुणी करत नाही. सभा कसलीही असो, माणसं मागून भरत येतात आणि पहिली रांग वक्त्याच्या नातेवाइकांसाठी मोकळी सोडतात. रंगनाथला त्याची फिकीर नव्हती. त्याची तेरा वर्षांची मुलगी राजनंदिनी बेसबॉलच्या क्लबात निवडली गेली होती आणि बेसबॉल म्हणजे नेमकं काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. जे ठाऊक नाही त्याच्या जितकं जवळ बसावं तितकं बरं, असा त्याचा साधा विचार.

वहीत सतरा प्रश्न होते. निम्मे त्याचे, निम्मे त्याच्या बायकोचे. सुरुचीला सभेला यायचं होतं, पण कुणीतरी मंडईतल्या गाळ्यावर बसायला हवं होतं. लिंबू, आलं आणि हिरवी मिरची रविवारीच जास्त खपते. तेव्हा तिने आदल्या दिवशी पोळ्या लाटता लाटता प्रश्न सांगितले आणि नवऱ्याने उतरवून घेतले. चेंडू तोंडावर बसला तर दात पडतात का. परगावी सामने असले की मुलींसोबत बाई माणूस कोण. झोपायची व्यवस्था कुठे. पाळी आली तर खेळायलाच लावतात का. हा शेवटचा प्रश्न रंगनाथने लिहून घेतला होता खरा, पण तो विचारायची वेळ आली तेव्हा त्याने वही शेजारच्या श्यामलाबाईंपुढे सरकवली. त्या एका शाळेत शिक्षिका होत्या आणि त्यांची अक्षता राजनंदिनीच्याच वयाची होती. त्यांनी तो खणखणीत आवाजात वाचला.

प्रशिक्षक आमोद सर तिशीचे. स्वतः राज्याकडून खेळलेले, काटक, उन्हाने रापलेले, आणि जीभ अस्सल पेठेतली. रंगनाथचा नववा प्रश्न झाल्यावर ते म्हणाले, "काका, आपण प्रश्नपत्रिका छापून आणली असतीत तर सगळ्यांनी घरी सोडवून आणली असती."

लोक हसले. रंगनाथही हसला आणि त्याने दहावा प्रश्न विचारला. "सर, निवडीत वशिला चालतो का?"

"चालत असता तर मी अकरा वर्षं उन्हात उभा राहिलो असतो का?" सर म्हणाले.

मग इतरांनाही कंठ फुटला. दहावीला वाढीव मार्क मिळतात का, हे चौघांनी चार तऱ्हांनी विचारलं. आयटीतल्या एका बापाने अमेरिकेतल्या कॉलेजांची चौकशी केली. त्याचा मुलगा नऊ वर्षांचा होता आणि त्या वेळी खोलीबाहेर चिखलात बसून गांडुळं शोधत होता. सगळ्यांना सगळ्याची काळजी होती. दात, मार्क, रंग काळवंडणं, गर्दी, अभ्यास, संगत. आईबाप एकदा काळजीला लागले की काही सुटत नाही, असं आपल्याला वाटतं.

सभा संपता संपता सर म्हणाले, "आता दोन गोष्टी माझ्याकडून. पिचर मुलांचे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांचे चेंडू मी मोजतो. दिवसाला पन्नास. एक्कावन्नावा नाही. घरी फेकायचं नाही. आणि कोपर किंवा खांदा दुखला, तर पहिला फोन मला. डॉक्टरला नंतर, देवाला त्याच्याही नंतर."

हे मात्र रंगनाथने लिहून घेतलं नाही. त्याच्या सतरा प्रश्नांपैकी कशाचंच ते उत्तर नव्हतं.

आता ही मुलगी या खेळात आली कशी, तर लिंबांमुळे. बहिरटांचं बिऱ्हाड पूर्वी पेठेतच होतं, पण भाऊ वेगळे झाले तसा रंगनाथ धायरीला राहायला गेला. गाळा तेवढा मंडईत राहिला. सुट्टीच्या दिवशी राजनंदिनी गाळ्यावर यायची आणि लिंबं निवडायची. चांगलं लिंबू एका पाटीत, डागी दुसऱ्या पाटीत. पाटी हाताशी ठेवली तर कंटाळा येतो म्हणून तिने ती लांब ठेवायला सुरुवात केली. मग आणखी लांब. शेवटी समोरच्या बटाटेवाल्याच्या पलीकडे पाटी ठेवून ती गिऱ्हाइकांच्या डोक्यांवरून लिंबू टाकायची आणि ते पाटीतच पडायचं. बटाटेवाला शिव्या द्यायचा, पण लिंबू कधी चुकून त्याला लागलं नाही, त्यामुळे शिव्यांत दम नव्हता. सातवीत शाळेतल्या खेळाच्या बाईंनी तिला एकदा चेंडू फेकताना पाहिलं आणि तिचा दंड धरून तिला आमोद सरांकडे नेलं.

रंगनाथला फार आनंद झाला. आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ लगेच त्याला असं वाटू लागलं, की पोरगी आपल्या हातातून निघून चालली आहे. तिची शाळा इंग्रजी. शाळेतल्या सूचना मोबाइलवर इंग्रजीत येत, त्या तीच वाचून त्याला सांगे. गणित त्याच्या पलीकडे गेलं होतं, विज्ञान तर फारच. आता खेळ आला तोही असा, की त्यातलं त्याला ओ का ठो कळेना. क्रिकेट असतं तर चार गोष्टी सांगितल्या असत्या. इथे बॅट फिरवून धावत कुठल्या दिशेला सुटायचं, तिसऱ्या खुंटावर पोचूनही परत घरी का यायचं, आणि काहीच न करता उभं राहिलेल्याला पंच बाहेर का काढतो, हे तो मैदानाच्या कडेला उभा राहून रोज पाहायचा. कळायचं नाही. श्यामलाबाई नियमांचं पुस्तक वाचून आलेल्या. त्या अक्षताला "खांदा उघडू नकोस" असं ओरडून सांगत. रंगनाथ काय सांगणार? तो आपला पाण्याची बाटली धरून उभा असे.

बापाला मुलासाठी काहीतरी करायचं असतं आणि करण्यासारखं काहीच हाती नसतं, यासारखी वाईट अवस्था नाही. रंगनाथकडे एकच विद्या होती. ती त्याने काढली.

तरुणपणी तो सहा वर्षं पेठेतल्या एका तालमीत होता. मोठा पैलवान झाला नाही. जत्रांमधल्या चार-दोन कुस्त्या मारल्या, दोन-तीन हरला, मग वडील गेले आणि गाळ्यावर बसला. पण तालीम अंगात राहिली. तिथले वस्ताद तात्याराव. त्यांचं शास्त्र छोटं होतं. मेहनत मोजून करायची आणि रोज थोडी वाढवायची. अंग दुखलं म्हणजे अंग भरतंय. दुखणाऱ्या अंगाला बसवून ठेवायचं नाही, त्याला तेल द्यायचं आणि परत मातीत घालायचं. या शास्त्राने तात्यारावांनी तीन पिढ्या घडवल्या होत्या. किती बिघडवल्या, ते कुणी विचारलं नव्हतं, कारण बिघडलेली पोरं तालमीत परत येत नसत.

जुलैपासून धायरीच्या इमारतीच्या गच्चीवर एक जुनी गादी उभी राहिली. पाण्याच्या टाकीला दोरीने बांधलेली, मधोमध खडूचा चौकोन. संध्याकाळी क्लबातून आल्यावर राजनंदिनी त्या गादीवर चेंडू मारायची आणि रंगनाथ मोजायचा. आधी वीस. मग चाळीस. ऑगस्टमध्ये साठ.

"सर घरी फेकू नका म्हणालेत," ती एकदा म्हणाली.

"सरांकडे चाळीस पोरं आहेत. त्यांना एकेकीचं किती बघणार? आपण जास्तीची मेहनत करतोय, कमी तर करत नाही ना?"

वडील चार वाजता उठून मार्केट यार्डात जातात, दिवसभर उभे असतात आणि तरी संध्याकाळी तिच्यासाठी गच्चीत येऊन मोजत बसतात, हे तिला दिसत होतं. नाही म्हणायला जीभ रेटेना.

गच्चीवरून उतरलं की मालिश. तिळाच्या तेलात ओवा आणि कापूर घालून रंगनाथ स्वतः ते कढवायचा. राजनंदिनी पाटावर बसायची, उजवा हात पुढे करायची आणि तो मनगटापासून खांद्यापर्यंत तेल जिरवायचा. त्या वेळी तो मनापासून सुखी असे. इंग्रजी नको, नियम नकोत. हाताखाली पोरीचा हात आहे, तो दिवसेंदिवस घट्ट होतो आहे आणि तो घट्ट करण्यात आपला वाटा आहे. घरात कापराचा वास भरून राहायचा. सुरुची म्हणायची, "अहो, पुरे आता. हात आहे, कणीक नाही." तो हसून आणखी दहा मिनिटं चोळायचा.

सप्टेंबरात जिल्ह्याचे सामने झाले. राजनंदिनीने दोन सामन्यांत समोरच्या मुलींना जागेवरून हलू दिलं नाही. शेवटच्या सामन्यानंतर आमोद सर रंगनाथपाशी आले आणि म्हणाले, "काका, डिसेंबरात राज्याच्या संघाची निवड आहे. हिला पाठवणार आहे. पिचर दोन घेतील. हिचा हात चांगला आहे, जपा." आमोद सरांच्या तोंडून 'चांगला' हा शब्द कुणी फारसा ऐकलेला नव्हता. रंगनाथने मंडईत पेढे वाटले. बटाटेवाल्याला दोन दिले.

ऑक्टोबरच्या मध्यावर एका संध्याकाळी राजनंदिनी पाटावर बसली आणि म्हणाली, "पप्पा, कोपरात दुखतंय. आतल्या बाजूला."

रंगनाथने बोटाने दाबून पाहिलं. ती कळवळली. कोपराच्या आतल्या अंगाला किंचित सूज होती. त्याला वाईट वाटलं, पण घाबरला नाही. उलट कुठेतरी बरंच वाटलं. तालमीतल्या सहाव्या महिन्यात त्याचंही असंच दुखलं होतं आणि तात्यारावांनी पाठीवर थाप मारली होती. "भरतंय," तो म्हणाला. "आता हे दोन आठवडे दुखेल आणि मग बघ हात कसा होतो." त्याने तेल जरा जास्त गरम केलं आणि दुखऱ्या जागेवर अंगठा रोवून चोळलं.

"बरं वाटतंय का?"

"नाही."

त्याने आणखी जोर लावला. तेल आत उतरत नाही तोवर कळ जात नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "आता?"

"आता बरं वाटतंय," ती म्हणाली.

सुरुचीने त्या रात्री जेवताना विषय काढला. "अहो, सरांना फोन करा. सर म्हणाले होते ना, दुखलं तर सांगा."

खरं सांगायचं तर त्या क्षणी रंगनाथच्या मनात तात्यारावांचं शास्त्र नव्हतं. मनात अक्षता होती. श्यामलाबाईंची अक्षता पिचरच होती, हात राजनंदिनीएवढा नव्हता पण वाईटही नव्हता. क्लबाकडून एकच पिचर निवडीला जायची. सरांना फोन केला तर सर म्हणणार, बसव तिला महिनाभर. महिनाभर बसली की अक्षता पुढे. आईबापांच्या मनात अशा वेळी जे येतं ते बोलून दाखवण्यासारखं नसतं. रंगनाथनेही दाखवलं नाही. "बघतो," तो म्हणाला. आणि बघत राहिला.

गच्चीवरचे साठ चेंडू त्याने चाळीसवर आणले, तेवढीच त्याची सवलत. मालिश मात्र दोनदा सुरू केली, सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी. सकाळची त्याला मार्केट यार्डातून घाईने परत येऊन करावी लागे. एवढी धडपड तो करत होता. बरं वाटतंय का, असं तो रोज विचारायचा आणि बरं वाटतंय, असं ती रोज म्हणायची. नोव्हेंबरात दिवाळीच्या सुट्टीत दुखणं गेलं, असं दोघांनी एकमेकांना सांगितलं. भाऊबीजेला पाट उचलताना तिने डावा हात वापरला. सुरुचीच्या ते नजरेत आलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि नवरा फराळाच्या ताटाकडे पाहू लागला.

डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी निवड होती. मैदान कर्वेनगरचंच, पण बाहेरगावच्या मुली आलेल्या, निवड समितीचे तिघे पांढऱ्या टोप्या घालून खुर्च्यांवर बसलेले. सकाळची वेळ, हवेत गारठा. राजाराम पुलावरून येताना राजनंदिनी स्कूटरवर मागे बसली होती आणि एक शब्द बोलली नव्हती. रंगनाथला वाटलं, घाबरली आहे. घाबरायचंच.

मातीच्या उंचवट्यावर ती उभी राहिली. पहिले चार चेंडू असे गेले की समितीतल्या एकाने वहीत काहीतरी लिहिलं. रंगनाथने बाटली छातीशी धरली. पाचवा चेंडू वर गेला. सहाव्याला तिने पाय उचलला, हात मागे नेला आणि पुढे आणला, आणि चेंडू तिच्यापासून चार पावलांवर मातीत पडला. घरंगळत थोडा पुढे गेला आणि थांबला. लांबून कुणाला काही ऐकू आलं नाही. तिने मात्र नंतर सांगितलं, की आत टच असा आवाज झाला.

ती रडली नाही. डाव्या हाताने उजवं कोपर पोटाशी धरून नुसती उभी राहिली. आमोद सर धावत गेले. रंगनाथ त्यांच्या मागोमाग पोचला, तोवर सरांनी तिची बाही वर केलेली होती.

"कधीपासून दुखतंय?" सरांनी विचारलं.

राजनंदिनी बापाकडे पाहू लागली. सरांनीही मग त्याच्याकडे पाहिलं.

"दिवाळीच्या आधीपासून थोडं थोडं," रंगनाथ म्हणाला. "पण बरं झालं होतं."

"पन्नास मी मोजायचो," सर हळू आवाजात म्हणाले. "बाकीचे कोण मोजत होतं?"

खोटं बोलायचं रंगनाथच्या मनातही आलं नाही. "मी," तो म्हणाला.

एरवी सरांच्या जिभेवर अशा उत्तराला साजेसं काहीतरी तयार असे. त्या दिवशी त्यांनी नुसता आपल्या गळ्यातला रुमाल सोडला, हात झोळीत बांधला आणि गाडी काढली. निवड चालू राहिली. क्लबाकडून आता राजनंदिनीच्या जागी अक्षताला बोलावलं, ती उंचवट्यावर गेली. श्यामलाबाई मात्र तिच्याकडे न बघता राजनंदिनीची पिशवी उचलून गाडीपर्यंत आल्या आणि तिच्या केसांवरून हात फिरवून परत गेल्या. रंगनाथला त्यांच्याकडे मान वर करून बघता आलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी फोटो काढला, मग आणखी एक, मग डाव्या हाताचाही काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी लावून बराच वेळ बघत राहिल्या. मग खुर्ची वळवून त्यांनी विचारलं, "कोपराला मालिश केली होती का कुणी?"

सकाळपासून रंगनाथला एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता आलं नव्हतं. हे येत होतं. "मीच करायचो," तो म्हणाला. "रोज. दोन वेळा. तिळाचं तेल, कापूर घालून."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांना राग आला होता, पण समोरच्या माणसाचा चेहरा बघून त्यांनी तो गिळला असावा. त्या सावकाश सांगू लागल्या. वाढत्या वयात हाडाचं टोक पक्कं चिकटलेलं नसतं. मधे कूर्चा असते. खूप फेकलं की स्नायू ते टोक ओढतात, आणि ते सुटायला लागतं. ते दुखणं म्हणजे शरीराची सूचना असते, आता थांबा. तेव्हा थांबलं असतं तर सहा आठवड्यांत बरं झालं असतं. काही करावं लागलं नसतं, हात नुसता ठेवून द्यायचा होता.

"आणि मालिश?" आमोद सरांनी विचारलं. ते दाराशी उभे होते.

"कोपराला मालिश करतच नाहीत. मार लागलेल्या कोपराला तर नाहीच. चोळलं की आत रक्त साकळतं, सूज वाढते, कधी कधी नको तिथे हाड धरू लागतं. इथे बघा." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. सांध्यापाशी एक पुसट पांढुरकी रेघ होती. रंगनाथने पाहिली. कुणी दाखवली नसती तर दिसलीही नसती. "हे फेकण्याने झालेलं नाही."

शस्त्रक्रिया झाली. सुटलेलं टोक स्क्रू घालून बसवलं. हात पूर्ण सरळ होईल का, या प्रश्नावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघू. पिचिंग करता येईल का, यावर त्या काही म्हणाल्या नाहीत. राजनंदिनी समोर होती म्हणून.

पुढचे दिवस रंगनाथने कसे काढले, ते त्याचं त्याला माहीत. गाळ्यावर बसायचा, गिऱ्हाईक अर्धा पाव मिरची मागे आणि तो आलं तोलायचा. एका बाईंनी सुनावलं, "दुकान झोपेत चालवायची नवीन पद्धत आहे वाटतं." तो हो म्हणाला. गच्चीवरची गादी त्याने सोडली, खाली आणली आणि भंगारवाल्याला बोलावून देऊन टाकली. तेलाची बाटली सुरुचीने आधीच ओतून टाकली होती. ती त्याला काही बोलली नाही. बोलली असती, दोन दिवस भांडली असती, तर त्याला सोसणं सोपं गेलं असतं. आमोद सर आठवड्यातून एकदा येऊन राजनंदिनीशी गप्पा मारून जात. रंगनाथशी ते अगदी नीट बोलत, अहोजाहो करत, चहा घेत. त्यांच्या त्या नीट बोलण्याने रंगनाथचा जीव अर्धा होई.

एकदा तो धीर करून म्हणाला, "सर, मला कळलं नाही हो. आमच्या तालमीत असंच असायचं."

"ठाऊक आहे काका," सर म्हणाले. "आपल्याला कळलं नाही, हे मला कळतंय. पण त्याचं मी काय करू?"

फेब्रुवारीत प्लास्टर निघालं. हात बारीक झालेला, कातडी निस्तेज, आणि कोपर वाकल्या जागी अडून राहिलेलं. व्यायाम शिकवायला एक ताई आठवड्यातून दोनदा येऊ लागल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी घरच्यांना सांगितलं, तिचा हात तिने स्वतःच हलवायचा, जेवढा जाईल तेवढाच. कुणी ओढायचा नाही, दाबायचा नाही, चोळायचा नाही. हे सांगताना त्या सगळ्यांकडे पाहत होत्या, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं की ते कुणाला सांगितलं आहे. रंगनाथने मान हलवली. त्यानंतर ती व्यायामाला बसली की तो दाराच्या चौकटीपाशी थांबे. त्याला आत जायला कुणी बंदी केलेली नव्हती. त्यालाच आत जाववत नसे.

मार्चमधली एक संध्याकाळ. सुरुची गाळ्यावरून यायची होती. राजनंदिनी खिडकीपाशी टेबलावर हात ठेवून तो सरळ करत होती. एका ठिकाणापर्यंत जाई आणि तिथे थांबे. ती ओठ दाबून परत मागे घेई आणि परत सोडी. आठवड्यापूर्वी जिथे थांबत होता तिथेच आजही थांबत होता. महाराष्ट्राच्या संघातून अक्षता आदल्याच दिवशी खेळून परत आली होती आणि तिने तिथल्या मैदानाचे फोटो पाठवले होते. राजनंदिनीने ते वडिलांना दाखवले होते, एकेक करून, सगळे.

रंगनाथ चौकटीपाशी उभा होता. तीन महिने त्याच्या मनात एकच प्रश्न घोळत होता. तो विचारायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं. विचारून काय होणार? पण माणसाला कुठेतरी अशी आशा असते, की सगळीच चूक आपली नसेल. थोडी समोरच्याचीही असेल. तेवढी मिळाली तरी रात्री डोळा लागेल.

"नंदे," तो म्हणाला, "एवढं दुखत होतं तर रोज बरं वाटतंय, बरं वाटतंय असं का गं म्हणायचीस?"

तिने हात मागे घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. तिला बहुतेक वाटत होतं की हे त्यांना माहीत असेल.

"नाही म्हटलं की तुम्ही आणखी जोरात चोळायचात," ती म्हणाली.

मग तिने पुन्हा टेबलावर हात ठेवला आणि मोजत मोजत सरळ करायला घेतला. रंगनाथने स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले.